कार्ड मरतं कशानं?

‘आयुर्मान’ हा विषय संपादकांनी जाहीर केला तेव्हा वडाची झाडं, जुनी धरणं आणि शंभरी ओलांडलेल्या आज्या कुणी ना कुणी घेणार, हे ठरलेलंच होतं. मी ग्राफिक्स कार्ड मागून घेतलं. कॉलेजात जाणारा मुलगा आणि गेमिंगचा पीसी ज्या घरात आहे, त्या घरात एक भांडण हमखास होतं. बापानं चाळीस हजारांचं कार्ड हप्त्यावर घेऊन दिलेलं असतं, मुलगा आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडून त्याचा क्लॉक वर सरकवत असतो आणि बाप दारातून बजावत असतो, ‘‘जाळशील एक दिवस.’’ मुलगा मान वर न करता म्हणतो, ‘‘काही होत नाही हो बाबा, सगळेच करतात.’’

दोघंही ठामपणे बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो. असलाच तर तो मेलेल्या कार्डांपाशी असणार, म्हणून आधी तिकडे गेलो.

पोटमाळ्यावरचं टेबल

डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाट्यांवर आहे; लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच. ग्रँट रोड स्टेशनाकडून आत शिरलं की खाली केबल, कॅमेरे, राउटर विकणारी दुकानं आणि वर, लोखंडी जिन्यानं चढून जायच्या पोटमाळ्यांवर, दुरुस्तीवाले. मी ज्यांच्याकडे बसलो ते मूळचे चिपळूणकडचे, चाळिशीच्या आतबाहेरचे. नाव छापू नका म्हणाले. ‘‘छापलं की लोक फोनवर फुकट निदान मागतात.’’

टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअरची नळी, मल्टिमीटर, डीसी सप्लाय आणि सगळ्या खोलीत भरून राहिलेला फ्लक्सचा करपट वास. मागच्या फळीवर कार्डं उभी लावलेली, प्रत्येकावर कागदी टेप आणि टेपवर बॉलपेननं लिहिलेली तक्रार : ‘डिस्प्ले नाही’, ‘रेघा येतात’, ‘फॅन फुल, डिस्प्ले नाही’, ‘गेम लावला की बंद’. एका टेपवर नुसतंच ‘मेलं’.

त्यांनी एक कार्ड घेतलं, स्क्रू काढले आणि कूलर वेगळा केला. चिपवरची थर्मल पेस्ट सुकून कडांना सरकली होती, मेमरीवरच्या पॅडांमधून तेल पाझरलं होतं. मग मीटर. चिपला वीज देणाऱ्या कॉइलवर काटा लावला तर आकडा एक ओहमच्याही खाली. नवख्याला हे शॉर्ट वाटेल. पण एवढ्या मोठ्या चिपच्या लाइनवर ते नेहमीचंच. बारा व्होल्टच्या लाइनवर मात्र किलोओहममध्ये आकडा यायला हवा होता आणि तिथं जवळजवळ शून्य आलं. ‘‘हा बघा शॉर्ट.’’ डीसी सप्लायवरून त्या लाइनमध्ये एकच व्होल्ट सोडला आणि थर्मल कॅमेरा वर धरला. निळ्या बोर्डावर एक ठिपका पांढरा होत गेला. जेमतेम दोन मिलिमीटरचा सिरॅमिक कपॅसिटर. हॉट एअर मारून चिमट्यानं उचलला, पुन्हा मीटर लावला. शॉर्ट गेला. काही रुपयांचा तो तुकडा अख्खं कार्ड अडवून बसला होता.

मी मुद्द्यावर आलो. ओव्हरक्लॉक करून मेलेली किती येतात?

‘‘कोण कबूल करतो, सर? सगळे म्हणतात, काहीच केलं नव्हतं, आपोआप बंद पडलं,’’ ते हसले. ‘‘पण एक सांगतो. चिप स्वतः मेलेली कमी येते. तिच्या आजूबाजूचं मरतं.’’

आजूबाजूचं म्हणजे पंख्याचं बेअरिंग. वीज तोडून जोडून चिपला देणारे मॉस्फेट. मेमरीखालचे सोल्डरचे मणी. जड कूलरमुळे कार्ड वाकतं आणि स्लॉटजवळच्या कोपऱ्यात बोर्डाला केसाएवढी चीर जाते, तेही. गिरगाव-वरळीच्या समुद्राकडच्या खोल्यांतून आलेल्या बोर्डांवर तांब्याला हिरवट बुरा धरलेला असतो. आत मेलेली झुरळं निघतात. आणि स्वस्तातल्या एसएमपीएसनं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यानं, केलेले घोटाळे वेगळेच.

एक कार्ड मात्र त्यांनी मुद्दाम शोधून काढलं. त्यावर कुणी हातानं सोल्डरिंग केलं होतं, शंटवर शंट. कार्ड स्वतः किती वीज ओढतंय ते एका चिमुकल्या रेझिस्टरवर मोजतं आणि मर्यादेला टेकलं की वेग कमी करतं. त्यावर तेवढाच दुसरा रेझिस्टर चढवला की मोजमाप निम्मं दिसू लागतं. कार्डाला वाटतं दोनशे वॅट चाललेत, प्रत्यक्षात चारशे. ‘‘हा खरा ओव्हरक्लॉकर,’’ ते म्हणाले. ‘‘ह्याच्या कार्डाला मी हात लावत नाही.’’

व्होल्टेजचा वर्ग

चिपच्या आतले अब्जावधी ट्रान्झिस्टर क्लॉकच्या तालावर उघडझाप करतात. आरटीएक्स ३०६० हे आपल्याकडे घरोघरी पोचलेलं कार्ड. त्याचा बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७७ कोटींहून जास्त ठोके. ओव्हरक्लॉक म्हणजे हा ताल वाढवणं. नुसता ताल वाढवला, व्होल्टेज तेच ठेवलं, तर विजेचा खप त्याच प्रमाणात वाढतो. क्लॉक पाच टक्के, खप पाचेक टक्के. ताल फार वाढला तर ट्रान्झिस्टर वेळेत बदलत नाहीत, हिशेब चुकतो, पडद्यावर रंगीत ठिपके नाचतात, ड्रायव्हर कोसळतो. मशीन पुन्हा सुरू केलं की सारं पूर्ववत. बाप लोकांना धडकी भरवणारं दृश्य बहुतेक वेळा एवढंच असतं.

घात होतो तो व्होल्टेज वाढवल्यावर, कारण खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. १.०५ व्होल्टचे १.१० केले आणि क्लॉक पाच टक्के वाढवला, तर खप पंधरा टक्क्यांनी वाढतो. गेममध्ये हाती लागतात त्या जास्तीच्या चार-पाच फ्रेम. हा व्यवहार मला कधीच फायद्याचा वाटलेला नाही, पण छंदाला हिशेब विचारू नये.

त्या जास्तीच्या विजेचं आत काय होतं? चिपमधल्या तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात की त्यांतून धावणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलत नेतात. एका जागी पोकळी पडते, दुसरीकडे ढीग साचतो. कधीतरी तार तुटते किंवा शेजारणीला चिकटते. मोटोरोलाचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तारा अजून ॲल्युमिनियमच्या होत्या तेव्हा, याचं समीकरण मांडलं. ते आजही वापरलं जातं. त्यात प्रवाहाची घनता साधारण वर्गानं आयुष्य खाते आणि तापमान त्याहून वाईट, घातांकानं. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, हा अभियंत्यांचा ठोकताळा याच घराण्यातला. तो ठोकताळाच आहे, कायदा नव्हे, पण दिशा बरोबर दाखवतो.

दुसरी झीज ट्रान्झिस्टरची. त्याच्या दारावरचा विद्युतरोधक थर मोजक्या अणूंच्या जाडीचा असतो. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांखाली वर्षं काढली की त्या थरात विद्युतभार अडकत जातो आणि उघडझाप करायला ट्रान्झिस्टरला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागतं. म्हणून म्हातारी होणारी चिप एका रात्रीत मरत नाही. दोन वर्षं बिनबोभाट चाललेला ओव्हरक्लॉक अचानक टिकेनासा होतो. मुलगा क्लॉक पन्नास मेगाहर्ट्झनं खाली आणतो, गेम पुन्हा चालतो, तो विसरून जातो. आयुष्य कमी झालेलं असतंच. फक्त कळत नाही, कारण कंपनीनं सुरुवातीलाच थोडी शिल्लक ठेवलेली असते. सगळ्यांत दुबळी चिप, सगळ्यांत गरम खोली आणि काही वर्षांची झीज, एवढं धरूनच छापील क्लॉक ठरतो.

कंपनीनं आधीच ताणलेलं

पण ही शिल्लक आता पूर्वीएवढी राहिलेली नाही, आणि ती खाणारा पोरगा नव्हे.

२०१२ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं. तोवर कार्डाचा क्लॉक ठरलेला असे. त्यानंतर कार्ड स्वतःचं तापमान आणि वीज सतत बघत क्षणोक्षणी स्वतःला वर ढकलू लागलं. गार खोलीत, जागा मिळेल तिथं, ते छापील आकड्याच्या बरंच पुढे पळतं. खोक्यावर ‘ओसी’ लिहिलेलं असेल तर कंपनीनं आणखी थोडं ताणून वॉरंटीसकट विकलेलं असतं. ओव्हरक्लॉकनं कार्ड लवकर जातं का, असं विचारणाऱ्या बापाच्या घरात बहुधा ओव्हरक्लॉक केलेलंच कार्ड आलेलं असतं.

शिवाय वरच्या टोकाला कुलूप आहे. त्याला एक जुना प्रसंग कारणीभूत म्हणता येईल. मार्च २०११ मध्ये आलेलं दोन चिपांचं जीटीएक्स ५९० काही परीक्षकांनी व्होल्टेज वाढवून चालवलं आणि कार्डं टेबलावरच जळाली. वीज पुरवणारे भागच फुटले. पुढे कंपनीनं व्होल्टेजची कमाल मर्यादा कडक केली. २०१६ च्या पास्कल पिढीत ती १.०९३ व्होल्ट होती. सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर शंभर टक्क्यांपर्यंत ओढला तरी त्याचा अर्थ ‘या मर्यादेपर्यंत जायची मुभा’ एवढाच. आत्ताच्या कार्डावर माउस सरकवून कार्ड मारणं हे जवळजवळ अशक्य काम आहे. त्याला शंटवाल्या गृहस्थासारखी सोल्डरिंग गन लागते.

ज्यांनी खरंच मारल्या

व्होल्टेजनं चिप मरते याचा सगळ्यांत बदनाम पुरावा प्रोसेसरांच्या दुनियेतला. २००२ च्या सुमारास इंटेलचा नॉर्थवूड पेंटियम ४ ओव्हरक्लॉकवाल्यांचा लाडका झाला. दीड व्होल्टच्या त्या चिपला १.७ च्या पुढे नेलं की ती झकास पळे आणि मग काही आठवड्यांत, काही महिन्यांत, तापमान ठीक असतानाही, कायमची बंद. कूलर कितीही मोठा लावा. उष्णता काढून टाकता येते, त्या पातळ थरावर पडणारा व्होल्टेजचा ताण काढता येत नाही, हे तेव्हा पुष्कळांनी स्वतःच्या पैशानं शिकून घेतलं.

त्याहून बोलका प्रकार अलीकडचा आहे आणि त्यात ओव्हरक्लॉक करणारा कुणी नव्हताच. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर जसेच्या तसे वापरणाऱ्यांकडे कोसळू लागले. गेम उघडताना ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोष देत. २०२४ मध्ये कंपनीनं मान्य केलं की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्यानं कोअरच्या आतलं क्लॉक वाटणारं सर्किट झिजत होतं. सुधारणा आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. मात्र आधीच झालेली झीज अपडेटनं भरून येत नाही, हेही स्पष्ट झालं. स्लायडरला कुणी हातही लावला नव्हता.

ग्राफिक्सच्या बाजूला असंच एक प्रकरण २०२१ च्या जुलैत घडलं. ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमची चाचणी आवृत्ती चालवताना काही आरटीएक्स ३०९० बंद पडली. फ्रेमवर मर्यादा नसल्यानं साध्या मेनूच्या पडद्यावरही कार्ड जिवाच्या आकांतानं धावत होतं. बोंब झाली गेमच्या नावानं. ईव्हीजीए कंपनीनं परत आलेली कार्डं तपासल्यावर मॉस्फेटभोवतीचं सोल्डरिंग सदोष निघालं, आणि अशी कार्डं होती दोन डझनांच्या घरात.

गरम, गार, गरम, गार

पोटमाळ्यावर एक शब्द सारखा कानावर येत होता : रिबॉलिंग. चिप किंवा मेमरी उचलायची, खालचे सोल्डरचे मणी साफ करायचे, नवे बसवायचे, परत चिकटवायची. मणी तुटतात का? याचं उत्तर व्होल्टेजमध्ये नाही.

सिलिकॉन तापलं की थोडंसंच पसरतं. खालचा बोर्ड त्याच्या पाचेक पट पसरतो. मधल्या मण्यांना दोघांची ओढाताण सोसावी लागते. एकदा गेम लावला, बंद केला, म्हणजे एक फेरा. लोखंडी तार हातानं मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तीच गत.

याची किंमत उद्योगानं रोख मोजली आहे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० च्या ‘लाल वर्तुळा’च्या बिघाडासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली आणि वॉरंटी तीन वर्षांची केली. बरोबर वर्षभरानं एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या दुबळ्या पॅकेजिंगपोटी पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळी मेलेलं कार्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याची टूम निघाली होती. काही आठवडे चालायचंही. ‘‘आजही हीट गन मारून आणतात लोक,’’ चिपळूणकर म्हणाले. ‘‘प्लास्टिकचे कनेक्टर वितळलेले असतात. मग मी आधी त्यांचं निस्तरायचं, नंतर कार्डाचं.’’

हे फेऱ्यांचं गणित लक्षात घेतलं की आभासी चलनाच्या मायनिंगला जुंपलेल्या कार्डांकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनानं आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं खाणकाम एका दिवसात निरुपयोगी झालं आणि सेकंडहँड बाजारात कार्डांची रास पडली. ‘रात्रंदिवस घासलेलं कार्ड, हात लावू नका,’ असा सल्ला जो तो देत होता. पण शहाणा मायनर वीजबिल बघणारा असतो : चिपचा क्लॉक आणि व्होल्टेज खाली, मेमरीचा क्लॉक वर. चिप महिनोन्महिने एकाच तापमानावर. रोज चार वेळा तापून गार होणाऱ्या गेमिंग कार्डापेक्षा तिचे मणी सुस्थितीत असू शकतात. झिजतात ते पंखे, सुकतात ते पॅड, आणि भाजते ती मेमरी. आरटीएक्स ३०८०-३०९० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांवर स्वतःला आवरते आणि मायनिंगमध्ये कित्येक कार्डं त्या उंबरठ्यावरच वस्तीला होती. सेकंडहँड घेताना चिपचं तापमान सगळे विचारतात, मेमरीचं कुणीच नाही.

आणि काहीही न करता मरणारीही असतातच. मेटा कंपनीनं लामा ३ हे एआय मॉडेल शिकवताना १६,३८४ एच१०० चिपा ५४ दिवस राबवल्या. त्यांची निगा राखायला फौज होती, वातानुकूलन होतं, क्लॉकशी खेळणारं कुणी पोर नव्हतं. तरी अनपेक्षित खंड पडले ४१९. त्यातले १४८ सदोष जीपीयूमुळे, ७२ त्यांच्या मेमरीमुळे. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे जी वाचून मला बरं वाटलं : दुपारी बाहेर ऊन चढलं की वेग एक-दोन टक्क्यांनी हलायचा.

नागपूरचा मे

ऊन म्हटल्यावर नागपूर आलंच. खोलीचं तापमान जेवढ्या अंशांनी चढतं, जवळपास तेवढ्याच अंशांनी चिपचंही चढतं. पंखा खोलीतलीच हवा मारणार, दुसरी आणणार कुठून? पुण्यातल्या डिसेंबरात ६५ अंशांवर चालणारं कार्ड विदर्भातल्या मे महिन्यात क्लॉकला बोटही न लावता ८५ कडे जातं. ब्लॅकच्या समीकरणाला हे विचारलं तर तो नागपूरकर पुण्यातल्या ओव्हरक्लॉकवाल्यापेक्षा आपलं कार्ड जास्त झिजवतोय, असं उत्तर येईल.

नंदनवन भागात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाची खोली पाहिली. गच्चीला लागून पत्र्याची शेड, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, कूलरच्या झोतातच कॅबिनेट. ही जागा त्यानं आता बदलली आहे. ‘‘काका, हवा गार लागते म्हणून ठेवलं होतं. फिल्टर ओला होऊन धूळ थापली गेली पार.’’ आता कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि बाजूची काच कायमची काढलेली.

त्यानं मला आफ्टरबर्नरमधला तो आलेख दाखवला : आडव्या रेघेवर व्होल्टेज, उभ्या रेघेवर क्लॉक, मध्ये चढत जाणारे ठिपके. ३०६० त्याच्याकडे आपल्या मर्जीनं एक व्होल्टच्या वर जाऊन १९०० च्या पुढे पळायचं. त्यानं ०.९ व्होल्टवरचा ठिपका धरून १८०० च्या थोडा वर नेला आणि त्यापुढची सगळी रेघ सपाट केली. गेम लावून दाखवला. वीज १७० वॅटवरून १३० च्या आसपास उतरली, फ्रेम किती घटल्या ते डोळ्यांना कळेना, पंख्याचा घुर्र आवाज बसला. याला अंडरव्होल्ट म्हणतात. ओव्हरक्लॉकच्याच खिडकीत, त्याच ठिपक्यांशी खेळून होतं, फक्त जोर दुसऱ्या बाजूला. आयुष्याची काळजी असणाऱ्या बापानं पोराला स्लायडर बंद करायला सांगण्याऐवजी हे करायला सांगावं.

अर्थात कार्ड टिकलं तरी ते कामाचं किती दिवस? २०१७ मधलं जीटीएक्स १०८० टीआय हे त्या वेळचं सर्वांत जोरदार घरगुती कार्ड. पुष्कळांची अजून ठणठणीत आहेत, काहींनी तर सारा जन्म ओव्हरक्लॉकवर काढलाय. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं आहे, जे त्या कार्डात नाही. चिपमधल्या तारा शाबूत, मणी शाबूत, आणि गेम उघडत नाही.

नंदनवनच्या मुलाला मी विचारलं, मग ओव्हरक्लॉक सोडलंस का? तो म्हणाला, ‘‘छे! थंडीत करतो ना.’’ डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा तो क्लॉकला शंभर-सव्वाशे मेगाहर्ट्झ आणि मेमरीला पाचशे जोडतो, व्होल्टेजला हात लावत नाही. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल ठेवता येतात. त्याच्याकडे एक नंबरवर मे आहे, दोनवर डिसेंबर. तीन नंबर परीक्षेचा, त्यात फ्रेम तीसवर बांधून ठेवल्यात.